बेगमेचा सॅम्पल फ्लॅट

हैदराबादला साडूंकडे आठ दिवस जायचं ठरलं, त्यामागे नात्यातला ओलावा नव्हता, बाथरूमचा होता. आमची जुनी सोसायटी पुनर्विकासासाठी पाडली त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून आम्ही पुण्यातच भाड्यानं राहतो. त्या भाड्याच्या घराची बाथरूम खालच्यांच्या देवघरावर ठिबकू लागली, मालकांनी फरशी उखडायला घेतली आणि बायको म्हणाली, "ताईकडे जाऊ. नाहीतरी अण्णा कधीपासून बोलावतायत."

अण्णा म्हणजे साडू. चाळीस वर्षं हैदराबादेत. विवेकवर्धिनी आणि मराठी ग्रंथसंग्रहालय जवळ असल्यामुळे त्यांचं मराठी शाबूत आहे, फक्त त्यात 'नक्को' आलाय. आपलाच 'नको' कधीतरी दखनीत नांदायला गेला आणि तिकडे एक जादा 'क' अंगावर चढवून माहेरी परतला. आपला 'च'सुद्धा तिकडेच रमलाय. 'आजइच', 'मैंइच' असं कोणी म्हणालं की मला गावचा माणूस भेटल्यासारखं होतं.

रविवारी सकाळी सातला अण्णांनी आम्हाला कोटीला नेलं. तिथल्या जुन्या ब्रिटिश रेसिडेन्सीत हेरिटेज वॉक होता. विषय प्रेम. चौदाजण जमलो होतो. त्यांत एक नवीन लग्न झालेलं जोडपं होतं. त्यातल्या मुलाचं लक्ष मोबाइलच्या स्टँडकडे आणि मुलीचं ऊन कुठून येतंय याकडे. वाटाडे पन्नाशीचे, पांढरी दाढी, हातात छत्री. पाऊस नव्हता, पण छत्री दाखवायच्या कामाची होती. ती उचलून ते म्हणाले, "देखो साब, मोहब्बत करको आदमी क्या क्या बनाता!"

समोर खरोखरच पांढरा, प्रचंड, उंच खांबांचा प्रासाद. पायऱ्यांच्या दोन बाजूंना दोन सिंह. आत दरबार हॉल. आता इथे महिला विद्यापीठ आहे, पण रविवार असल्यामुळे सिंहांना सुट्टी होती.

गोष्ट जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिकची. निजामाच्या दरबारातला ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट, 1798 पासून. हा साहेब हळूहळू असा काही हैदराबादी झाला की घरी अंगरखे घालायचा, हुक्का ओढायचा. पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला एल्फिन्स्टन, म्हणजे आपला कॉलेजवाला, 1801 मध्ये इथून गेला तेव्हा त्यानं या साहेबाच्या मिशा आणि मेंदीनं रंगलेली बोटं टिपून ठेवली. बायकोनं माझ्या हाताकडे पाहिलं. माझ्या बोटांना बॉलपेनची शाई होती.

"हशमत जंग!" वाटाडे म्हणाले. हा त्याला मिळालेला किताब.

"जंग म्हणजे लढाई," अण्णांनी मला समजावलं आणि लगेच छत्रीच्या दिशेनं दोन पावलं पुढे झाले. मला कल्पना होती. अण्णांनी चाळीस वर्षं निजामाच्या शहरात मराठी माणूस म्हणून काढली आहेत आणि त्या सगळ्या काळात त्यांच्याकडे हुकमाचं एकच पान आहे. "पण 1795 ला खर्ड्याच्या लढाईत आम्ही निजामाला हरवला होता. तुमचा दिवाण आमच्याकडे पुण्यात ओलीस होता. हे सांगा ना यांना."

वाटाड्यांनी छत्री खाली केली, मान तुकवली. "हौ साब. परसोंइच की बात है."

हैदराबादी 'परसों' ज्याला माहीत नाही त्यानं इथे थांबावं. या शहरात परसों म्हणजे परवा नव्हे. परसों म्हणजे जे जे होऊन गेलं ते. गेल्या आठवड्यातलं भांडण परसों, आजोबांचं लग्न परसों. तेव्हा खर्डाही परसों. अण्णांचं हुकमाचं पान इतक्या अदबीनं कोणी उचललं नसेल. त्यानंतर ते दहा मिनिटं गप्प होते.

आता मोहब्बत. खैरुन्निसा, मोठ्या घराण्यातली, पडद्यात वाढलेली. बहिणीच्या लग्नात तिनं पडद्याआडून साहेबाला पाहिलं, अशी ही कथा सुरू होते. तिचं लग्न दुसरीकडे ठरलेलं, घरातल्या बायका तिच्या बाजूनं. मग 1800 च्या सुमारास गुपचूप निकाह, त्यासाठी साहेबानं धर्म बदलला. कलकत्त्यात लॉर्ड वेलस्लीला कुणकुण लागली आणि चौकशी बसली. साहेब स्वतःच्या थोरल्या भावालाही पत्रांत खरं सांगेना. वाटाडे हे सगळं तिन्ही आवाजांत करत होते, वेलस्लीसाठी छत्री मिटवत होते. मोबाइलवाल्या मुलानं "वॉव" म्हटलं.

"तिचं वय काय होतं?" बायकोनं विचारलं.

"जवान थी मॅडम."

"म्हणजे किती?"

वाटाड्यांनी खांबाकडे पाहिलं. "चौदा-पंद्रह. वो जमाना…"

"आमची पुतणी नववीत आहे," बायको म्हणाली. आणि साहेबाचं वय तिनं स्वतःच काढलं, जन्म 1764 चा. छत्तीस. पुढची पाच मिनिटं कोणी वॉव म्हटलं नाही. मला वाटाड्यांची दया आली. पण बायकोचं बरोबर होतं आणि हे तिला सांगायची ही वेळ नव्हती.

वातावरण हलकं करायला त्यांनी जमिनीची गोष्ट काढली. रेसिडेन्सीसाठी जागा हवी म्हणून कर्कपॅट्रिकनं पसरून ठेवावा लागेल एवढा जागेचा नकाशा निजामापुढे ठेवला. निजाम अली खान म्हणाला, नाही. का नाही, ते कळेना. मग साहेबाला उमजलं, की निजामानं आपल्या अख्ख्या राज्याचे नकाशे पाहिलेत तेही एवढेच मोठे. या गोऱ्याला काय राज्य द्यायचं? साहेबानं तोच नकाशा छोट्या कार्डावर उतरवून पुन्हा पेश केला. लगेच मंजूर.

इथे मात्र मी मोठ्यानं "अरे देवा" म्हणालो. आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत विकासकाच्या माणसानं जो नकाशा आणला होता तो दोन टेबलं जोडूनही मावेना. त्यावर अडीच वर्षं वाद झाला. कोणाची गॅलरी कोणाच्या पार्किंगवर, कोणाच्या शौचालयाची भिंत कोणाच्या देवघराला. तोच नकाशा त्या माणसानं पोस्टकार्डावर आणला असता तर सतराच्या सतरा सभासदांनी चहा यायच्या आत सह्या केल्या असत्या. दोनशे वर्षांपूर्वी एका परक्या माणसाला जे कळलं ते वास्तुविशारदांना शिकवत कसं नाहीत?

बांधकाम 1803 ला निघालं. आराखडा मद्रास इंजिनिअर्सच्या सॅम्युअल रसेलचा. आणि 1805 च्या ऑक्टोबरात कर्कपॅट्रिक कलकत्त्यात वारला, एकेचाळीस वर्षांचा.

"म्हणजे राहिला किती दिवस या घरात?" ताईंनी विचारलं.

"धुळीतच गेले असणार," मी म्हणालो. हे मी अनुभवानं बोललो.

साहेबाच्या मुलांचं वाटाड्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं, छत्री न हलवता. मुलगा साहिब आलम, मुलगी साहिब बेगम. वयं चार आणि तीन. बाप मरायच्या काही आठवडे आधी दोघांना जहाजावर चढवून विलायतेला धाडलं. निघण्याआधी मद्रासला जॉर्ज चिनरीनं त्यांचं चित्र काढलं, हैदराबादी पोशाखात, डोक्यावर टोप्या. तिकडे पोचल्यावर बाप्तिस्मा झाला आणि ती विल्यम आणि कॅथरीन झाली. आईची आणि त्यांची पुन्हा भेट नाही. मुलगी मोठी होऊन किटी कर्कपॅट्रिक म्हणून ओळखली गेली, थॉमस कार्लाइल तिच्यावर भाळला. खैरुन्निसाचं पुढे साहेबाच्याच हाताखालच्या एका माणसाशी सूत जुळलं, त्यानं तिला मछलीपट्टणमला ताटकळत ठेवलं, आणि 1813 ला ती गेली. सत्तावीस वर्षांची.

ताईंनी पर्समधला रुमाल काढला. अण्णांनी घसा खाकरला, मला वाटलं आता पुन्हा खर्डा, पण ते फक्त म्हणाले, "चला, ऊन होतंय."

तेवढ्यात मला उगीच पुणं आठवलं. आपल्याकडेही संगमावर रेसिडेन्सी होती. तिथला मॅलेट साहेब अंबर कौर नावाच्या बाईबरोबर राहिला, त्यांना मुलं झाली. बायकोला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग तिथे का नाही वॉक?"

"कारण 1817 च्या नोव्हेंबरात खडकीच्या लढाईच्या दिवशी आपण ती रेसिडेन्सीच जाळली."

"पुनर्विकास," ती म्हणाली.

शेवटी आम्हाला मागच्या बागेत नेलं. याच्यासाठीच सगळे आले होते. बेगम पडद्यात, तिला पुढच्या अंगणात येऊन घराचा दर्शनी भाग बघता येईना. म्हणून, अशी आख्यायिका, साहेबानं तिच्या बागेत याच प्रासादाची छोटी प्रतिकृती बांधून दिली. खांबांसकट. बाहुल्यांचा प्रासाद! जोडप्यानं ताबडतोब त्याच्या दोन बाजूंना उभं राहून हातानं बदाम केला.

"इसकू बोलते मोहब्बत," वाटाडे म्हणाले.

बायको त्या प्रतिकृतीपुढे वाकली. मग चक्क खाली बसली. तिचं हे बसणं मी ओळखतो. विकासकाच्या ऑफिसात काचेच्या पेटीत आमच्या इमारतीचं मॉडेल आहे. त्यात हिरव्या स्पंजची झाडं आहेत, लिफ्टमध्ये बारीक दिवा लागतो, बाकावर एक प्लॅस्टिकचं जोडपं बसलेलं आहे. बांधकाम अजून जोत्याच्या वर आलेलं नाही, पण ते जोडपं तीन वर्षं तिथे सुखानं बसलंय. तिथेही ती अशीच बसली होती आणि पाचव्या मजल्यावरच्या काड्यापेटीएवढ्या खिडकीवर बोट ठेवून "ही आपली" म्हणाली होती. पेटीच्या काचेवर तिच्या बोटाचा ठसा उमटला. मी तो रुमालानं पुसला, कारण तिथल्या मुलीनं बघितलं.

आता तिनं इथल्या खिडक्यांवरून बोट फिरवलं, एकेक करत. मग वर पाहून विचारलं, "यातली तिची खोली कुठली?"

वाटाडे छत्री टेकून उभे राहिले. "इसमें नहीं है मॅडम. ये साब के मकान का है. बेगम का रंगमहल अलग था."

"आणि तो कुठाय?"

"तोड दिये. 1860 के आसपास, बाद के एक रेसिडेंट साब ने."

"का?"

"उनकू शरम आती थी, बोलते."

ती उठली. साडीला लागलेलं गवत झटकायला मी हात पुढे केला तर म्हणाली, "राहू दे." परत जाताना दोन पावलं मागे येऊन तिनं त्या प्रतिकृतीचा एक फोटो काढला, जोडपं बाजूला झाल्यावर. मग मला विचारलं, "आपल्या मॉडेलमध्ये देवघर होतं का रे?"

मला आठवेना. लिफ्टमधला दिवा आठवत होता.

फाटकाबाहेर इराणी चहा झाला, उस्मानिया बिस्किटं झाली. अण्णांनी पैसे देऊ दिले नाहीत. देतो म्हटलं की 'नक्को' म्हणायचे, दोन्ही 'क' लावून. वाटाडेही आमच्यातच बसले. छत्री मांडीवर आडवी ठेवून त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकला. आम्ही पुण्याचे, घर पाडलंय, भाड्यानं राहतो हे ताईंनी त्यांना तोवर सांगून टाकलं होतं. त्यांना मनापासून वाईट वाटलं. ज्यांना तोडलेल्या रंगमहालाचं रोज सांगावं लागतं त्यांना वाटणारच.

"तो साब," त्यांनी बशी खाली ठेवत विचारलं, "नया मकान कब मिलरा?"

"परसों," मी म्हणालो.