डमीला आजी नसते

सोसायटीतल्या नव्या गाड्या हल्ली सगळ्या सुरक्षेत पंचतारांकित. "लहान मुलांसाठीसुद्धा फाइव्ह स्टार बरं का," असं बजावून मालक दीड वर्षाच्या युवराजांना पुढच्या सीटवर आईच्या मांडीत देतात आणि हायवेला लागतात.

हे स्टार कमावले कोणी? डमीने. धडकेच्या चाचणीत ताशी 64 किलोमीटरने गाडी आपटतात तेव्हा मागच्या सीटवर दीड आणि तीन वर्षांच्या पोरांएवढ्या दोन डमी असतात. दोघींना बाळसीट, गाडीच्या सीटमधल्या आयसोफिक्सच्या कड्यांत घट्ट अडकवलेली. स्टार मिळतात ते या सरंजामाला. मांडीला स्टार अजून कोणी दिलेला नाही.

नशीब काढलं डमीने. तिला आजी नाही. "बांधून काय घालता लेकराला, चोर आहे का तो?" असं कोणी म्हणत नाही. घाटात "दे गं इकडे" म्हणून तिला मागून पुढे ओढणारी आत्या नाही. स्टिअरिंगमागे मांडीवर घेऊन "पिल्लू गाडी चालवतंय" असा व्हिडिओ काढणारा बाप नाही. युवराज सीटमध्ये रडतात म्हणे. रडतात ना! लस टोचतानाही रडतात, तेव्हा चौघं मिळून हातपाय दाबून धरता. तिथे डॉक्टरांना "राहू द्या, रडतोय" म्हणून परत आलात का कधी? मग गाडीतच कुठून येतो हा कळवळा? ताशी 50 वरून गाडी थाडकन थांबली की दहा किलोचं पोर दोन क्विंटलच्या घरात जातं. धरा आता मांडीत! वर समोर एअरबॅग, पापणी लवायच्या आत उघडणारी, आणि तिच्या तोंडाशी पोर. काही हुशार एकच पट्टा दोघांभोवती घेतात, म्हणजे आईचा भारही पोरावरच.

कायदा आहे, 2019 चा. चौदा वर्षांखालच्या मुलाला न बांधता नेलं तर हजार रुपये दंड. तो भरलेला माणूस मी शोधतोय. सिग्नलवरचे पोलिसकाका तर मांडीतल्या युवराजांना टाटा करतात.

बाळसीट का घेतली नाही, असं एका पंचतारांकित बापाला विचारलं. म्हणाला, "दोन वर्षांत लहान होते हो, पैसे फुकट." सनरूफचे जादा पैसे मात्र त्याने हसत मोजलेत. का, तर पोराला वर उभं राहता येतं.