मीठ कमी, लाळ त्याहून कमी

रक्तदाबाची गोळी सुरू झाली की डॉक्टर मिठाबद्दल बोलतात, चालण्याबद्दल बोलतात, चिडू नका म्हणतात. लाळेचं नाव कोणी काढत नाही. चार माणसांत बोलण्यासारखा तो विषयच नव्हे!

वास्तविक धडधाकट माणसाच्या तोंडात दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. बहुतेक सगळं पाणीच. पण उरलेल्या चिमूटभरात पिष्ट पचवायला घेणारं अमायलेज असतं, घास निसरडा करणारं म्युसिन असतं, आम्ल मारणारे आणि दात राखणारे क्षार असतात. फुकट मिळतं म्हणून किंमत नाही, इतकंच.

आमच्या कट्ट्यावर गोळ्या रंगाने ओळखल्या जातात आणि त्यांचे प्रताप तोंडपाठ असतात. लघवी वाढवणारी गोळी अंगातलं पाणी काढते, त्यात कधी तोंडही सुकतं. बीटा ब्लॉकरने लाळ फारशी घटत नाही, पण तिच्यातली अमायलेजसारखी प्रथिनं कमी होऊ शकतात. कॅप्टोप्रिलने काहींच्या जिभेवर धातूची चव रेंगाळते. आणि घशाला कोरड पाडण्यात क्लोनिडीनचा हात कोणी धरणार नाही. हे औषध 1960 च्या दशकात मुळात चोंदलेलं नाक मोकळं करायला म्हणून आलं. नाकात थेंब टाकले तर रक्तदाबच उतरला. आपल्या सर्पगंधेचा प्रवास नेमका उलटा. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तिचा रक्तदाबावरचा गुण मांडला आणि ती जगभर गेली. पण तिच्यातल्या रेसरपिनने लोकांची नाकं चोंदायची. नाक बंद म्हणजे तोंडाने श्वास, म्हणजे पुन्हा कोरडच.

खरी गंमत मिठाची आहे. पदार्थ लाळेत विरघळल्याशिवाय जिभेला त्याची चव कळत नाही. लाळ आटली की भाजी आळणी लागते. कट्ट्यावरचे अण्णा रोज जेवताना कुरकुरायचे आणि वहिनी ठामपणे सांगायच्या, "अहो, मीठ नेहमीएवढंच आहे." मग अण्णा पाठ वळली की चिमूट टाकायचे. रक्तदाब चढायचा. डॉक्टर गोळी वाढवायचे. कोरड वाढायची, की पुन्हा चिमूट! मधल्या वेळात चघळायला पेपरमिंट, त्यामुळे दातांच्या डॉक्टरांचंही बरं चाललं होतं. दिवाळीत बेसनाचा लाडू टाळूला असा चिकटला की पाहुण्यांसमोर अण्णांचा आवाजच बंद झाला. वहिनींना तो फराळ फार आवडला म्हणे.

शेवटी वैतागून अण्णा गोळीच सोडायला निघाले होते. कट्ट्याने अडवलं, ते बरं झालं. क्लोनिडीनसारखं औषध एकाएकी थांबवलं तर दाब उसळून वर येतो. त्यापेक्षा डॉक्टरांना तोंड उघडून सांगावं. अण्णांनी सांगितलं. गोळी बदलली, हळूहळू ओलावा परतला, लाडू सुखरूप उतरू लागला.

भाजी मात्र अजून आळणीच. तेव्हा कुठे वहिनींनी कबूल केलं, मीठ त्यांनी केव्हाच निम्म्यावर आणलं होतं.