वहिनींच्या दारातलं घाटघर

"ऐकलंत का ताई, आमचे हे आता वीज विकणार!" कुंपणावर टॉवेल वाळत घालता घालता शेजारच्या वहिनींनी बातमी सोडली.

मला वाटलं, छपरावर सोलर बसवतायत. तर नाही! दिवाळीत नवी इलेक्ट्रिक गाडी आली ना, ती म्हणे रात्री खांबावरच्या तारेत वीज परत सोडणार आणि तेवढे पैसे बिलातून वजा होणार. भाऊजींना कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ धाडलाय.

वहिनींचा विश्वास बसायला कारणही आहे. मागे झाड पडून सबंध गल्लीची लाइट गेली होती. भाऊजींनी गाडीच्या चार्जिंगच्या तोंडाला एक जाडजूड अडॅप्टर लावला, त्यात एक्स्टेंशन बोर्ड खुपसला आणि वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत घेतली. आम्ही मेणबत्त्या शोधत होतो आणि यांच्याकडे मिक्सरवर इडलीचं पीठ वाटलं जात होतं. वर वायफायसुद्धा चालू!

"वहिनी, मिक्सर फिरवणं वेगळं आणि तारेत वीज चढवणं वेगळं," समोरून अप्पा बोलले. अप्पा सबस्टेशनला ऑपरेटर होते. आता निवृत्त. हातात झारी असते, नजर गुलाबावर असते, कान मात्र कायम आमच्या कुंपणाशी. "गाडीतनं बोर्डात, बोर्डातनं मिक्सरात, तिथं ती वीज संपली. तारेत सोडायची तर तारेच्या तालात सोडावी लागते. आपल्या देशात तो ताल सेकंदाला 50 आवर्तनांचा. 49.90 ते 50.05 या पट्ट्यात तो धरून ठेवायचा, म्हणून चोवीस तास माणसं डोळ्यांत तेल घालून बसलेली असतात. मागणी वाढली आणि वीज कमी पडली की आकडा उतरलाच."

मग 31 जुलै 2012 ची गोष्ट निघाली. उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताचं ग्रिड एकदमच कोसळलं. त्या भागात साठेक कोटी लोक राहतात. आपलं पश्चिमेचं ग्रिड मात्र तगलं. अप्पा हे असं सांगतात, जणू स्वतः धरून ठेवलं होतं!

"पण लाइट गेल्यावर आमच्या गाडीनं गल्ली उजळवायला काय हरकत आहे?" वहिनी काही मागे हटेनात.

"आणि वायरमन खांबावर चढलेला असला तर? लाइन बंद आहे म्हणून तो तारेला हात लावणार आणि तुमची गाडी तिकडून वीज सोडणार! म्हणून तर लाइन मेली की ग्रिडला जोडलेलं यंत्र आपोआप गप्प बसतं. कोपऱ्यावरच्यांना विचारा, छपरावर सोलर असून लाइट गेली की अंधारात बसतात."

हे मात्र खरं. कोपऱ्यावरच्या काकूंचं हे दुखणं अख्ख्या कॉलनीला पाठ आहे.

मग व्हिडिओ सगळाच थापा म्हणायचा? तसंही नाही. अप्पांनी झारी खाली ठेवली आणि घाटघर काढलं. अकोले तालुक्यातला हा प्रकल्प. वीज मुबलक असते तेव्हा खालच्या धरणातलं पाणी पंपानं वर चढवायचं, मागणी चढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. क्षमता 250 मेगावॉट. गाडीची बॅटरी म्हणजे अंगणात उभं केलेलं चिमुकलं घाटघर. एकेका गाडीनं 3 किलोवॉट दिले तर 83 हजार गाड्यांत एक घाटघर उभं राहतं. गाड्या तर दिवसाचा बहुतेक वेळ नुसत्या उभ्याच असतात. वहिनींच्या गाडीची बॅटरी 45 युनिटांची आहे, म्हणजे आमच्यासारख्यांच्या घरची पाच-सहा दिवसांची वीज.

हे कुठं घडलंय का, तर घडलंय. माझी भाची कॅनबेराला असते, तिच्याकडून मला कळलं. 13 फेब्रुवारी 2024 ला तिकडे व्हिक्टोरियात वादळानं मोठ्या वाहिनीचे मनोरे पाडले आणि लोय यांगचं कोळशाचं वीज केंद्र बंद पडलं. त्या वेळी कॅनबेरात ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या प्रयोगातल्या 16 निस्सान लीफ दुहेरी चार्जरला लावून ठेवलेल्या होत्या. ग्रिडचा ताल घसरताच त्यांनी कुणी न सांगता वीज द्यायला सुरुवात केली, एकूण 107 किलोवॉट. मला मात्र त्याच अभ्यासकांचा दुसरा हिशेब जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या दिवशी व्हिक्टोरियात 90 हजार ग्राहकांची वीज मुद्दाम तोडावी लागली. ते म्हणतात, चार्ज होत असलेल्या 6,000 गाड्या तेवढा वेळ नुसत्या थांबवल्या असत्या तरी ती पाळी आली नसती.

म्हणजे द्यायचं राहू द्या, अवेळी घेऊ नका, एवढ्यानंही भागतं. आणि आमचे भाऊजी काय करतात? संध्याकाळी सातला येतात, चपला काढायच्या आधी गाडी 15 अँपियरच्या सॉकेटला लावतात. तेव्हाच सूर्य बुडालेला असतो, सोलर झोपलेलं असतं आणि घरोघरचे दिवे, टीव्ही, एसी एकदम सुरू झालेले असतात.

"त्यापेक्षा दुपारी लावा," मी म्हटलं. महावितरणनं 1 जुलै 2025 पासून स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 च्या वापरावर युनिटमागं 80 पैशांपासून सवलत दिलीय ना.

"दुपारी गाडी ऑफिसात असते ताई! सवलत काय मांजराला द्यायची?"

बिनतोड प्रश्न. पण अप्पांकडे उत्तर होतं. भाऊजींची रोजची धाव तीसेक किलोमीटर, म्हणजे पाचेक युनिटं. पाच दिवसांची पंचवीस. रविवारी 9 ते 5 गाडी 3 किलोवॉटनं लावली की 24 युनिटं आत. आठवड्याचं काम जवळपास झालं.

"आणि सवलत किती?"

"19 रुपये 20 पैसे."

"एवढ्यात तर कोथिंबिरीची जुडी येते फक्त!" वहिनींनी टॉवेलला शेवटचा चिमटा लावला.

हसू आलं, पण वहिनी चुकल्या नाहीत. बॅटरी आपल्या पैशाची आणि सारखी भरून-उपसून झिजणार तीही आपलीच. मग त्या झिजेचा मोबदला चोख मिळायला नको? केरळच्या वीज मंडळानं आयआयटी मुंबईला बरोबर घेऊन गाडीतून ग्रिडला वीज देण्याचा प्रयोग हाती घेतलाय. असे प्रयोग आपल्याकडेही व्हावेत, पण त्यात दराचा आकडा आधी ठरावा आणि लोकांच्या गाड्या मागून मागाव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे.

तोवर ज्यांच्या दारात अशी गाडी आहे त्यांनी तिच्या अ‍ॅपमध्ये चार्जिंगची वेळ लावून टाकावी. रविवारची दुपार जमत नसेल तर निदान मध्यरात्रीनंतरची. आणि शोरूमवाला "ही गाडी ग्रिडला वीज विकते" म्हणाला तर त्याला तीन गोष्टी लेखी मागा: चार्जर दोन्ही दिशांचा आहे का, बॅटरीच्या वॉरंटीत हा वापर बसतो का आणि युनिटला भाव किती.