स्पोकनचे सर

स्पोकनचे सर ओळखायचे तर आधी त्यांची पाटी वाचावी. ‘परफेक्ट इंग्लिश प्रोनाउन्सिएशनची हमी’ असं तिच्यावर ठळक लिहिलेलं असतं. मूळ शब्दात ‘नाउन’ नाही, ‘नन’ आहे; पण ते कळेपर्यंत रंगाऱ्याचे पैसे देऊन झालेले असतात. शिवाय २०२४ पासून कर्नाटकात पाटीवर साठ टक्के कन्नड बंधनकारक झाल्यामुळे हा ‘नाउन’ कन्नडातही मोठ्या अक्षरांत चढला आहे.

चिकोडी, निपाणी, संकेश्वर, हुक्केरी, सीमाभागातलं गाव कुठलंही घ्या. बसस्टँडजवळ झेरॉक्सच्या दुकानावर एक अरुंद जिना चढला की हे सर भेटतात. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि बोलताना ओठांची हालचाल गरजेपेक्षा जरा जास्त. पालक मराठी असला तर “या, बसा की”, कन्नड असला तर “बर्री, कुंद्री.” चहा येईपर्यंत दोन्ही भाषांत उसाचं बिल, पाऊस आणि पोरीचं स्थळ यांची चौकशी होते. मात्र वर्गाचं दार लागलं की सर गरजतात, “नो मराठी, नो कन्नडा!” ज्या दोन भाषांच्या जिवावर हा माणूस गावात वट राखून आहे, त्या दोन्ही चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायच्या.

पहिल्या दिवशी भिंतीवरचा तक्ता उलगडतो. अक्षरं २६, ध्वनी ४४. त्यांत स्वर २० आणि व्यंजनं २४. हा हिशेब ब्रिटिश उच्चारांचा, आणि खरा आहे. डॅनिएल जोन्स या ध्वनिशास्त्रज्ञानं १९१७ साली उच्चारकोश काढला, तेव्हापासून ‘शुद्ध’ इंग्रजीचा असा माप काढून ठेवलेला साचा जगभर गेला. बीबीसीनं १९२६ मध्ये निवेदकांच्या उच्चारांसाठी समितीच नेमली. पुढे तिचे अध्यक्ष झाले बर्नार्ड शॉ, म्हणजे फुलं विकणाऱ्या मुलीला उच्चार शिकवून बाईसाहेब करणाऱ्या ‘पिग्मॅलियन’चे लेखक. पु. ल. देशपांड्यांनी १९७५ साली त्याचं ‘ती फुलराणी’ केलं, ते सरांना ठाऊक असतं. त्यातल्या प्राध्यापकाच्या जागी ते स्वतःला पाहतात. फुलराणीनं त्या प्राध्यापकाची काय गत केली, तिकडे मात्र त्यांचं लक्ष नसतं.

मग सुरू होतो ‘थ’. हा ‘थ’ पंधरा दिवस चालतो. जीभ दातांच्या मधे आणायची आणि हवा सोडायची. “थ्री! थिंक! थर्स्टी!” पहिल्या बाकावरची मुलं हळूहळू दुसऱ्या बाकावर सरकतात. घरी सराव करणाऱ्या पोराला आजी विचारते, “काय झालं रे, तोंड भाजलं काय?” डब्लिनमधली कितीतरी माणसं हाच ‘थ्री’ ‘ट्री’च्या अंगानं म्हणतात आणि त्यांचं काही अडत नाही, ही बातमी मात्र चिकोडीच्या त्या जिन्यावरून वर पोचलेली नाही.

गंमत खरी पुढे आहे. वर्गात एका बाकावर मराठी घरातला मुलगा, शेजारी कन्नड घरातली मुलगी. सर फळ्यावर परीक्षेची ‘टेस्ट’ आणि चवीची ‘टेस्ट’ लिहितात. मराठी मुलगा दोन्ही एकसारख्याच म्हणतो, कारण मराठी ‘ए’ला ऱ्हस्व-दीर्घ असा भेद नाही. पेन आणि वेदनेचं ‘पेन’ही त्याच्या लेखी एकच. मुलगी झटकन वेगळं करून दाखवते, कारण कन्नडात ऱ्हस्व ‘ए’ आणि दीर्घ ‘ए’ ही मुळाक्षरंच वेगळी आहेत. पुढचा शब्द ‘बॅट’. आता मुलगा छाती फुगवतो आणि मुलगी अडते. कन्नडात बॅट लिहायची तर ‘ब्याट्’ अशी लिहावी लागते. कॉलेजाचं तेच. मराठीनं इंग्रजीसाठी ‘आ’ला चंद्र लावून ‘ऑ’ करून घेतला, कन्नडात मात्र ‘कालेजु’ झालं. बसचं ‘बस्सु’, कारचं ‘कारु’. शब्द व्यंजनावर उघडा सोडणं कन्नड जिभेला जड जातं. अंड्याचं ‘येग्ग’ आणि पदवीचं ‘यम्मे’ही तिकडचंच. यावर मराठी पोरांनी फार हसू नये. व्हॅन म्हणताना ‘व’ला विनाकारण ‘ह’ची शेपटी आपणच लावतो.

म्हणजे अर्धा तक्ता या बाकावर, उरलेल्यातला बराच त्या बाकावर. ‘झेड’चा आवाज शिकवायला सर मधमाशीसारखे गुणगुणतात, पण ‘बाजू’ या शब्दातला ‘जू’ मराठी तोंडात तयार असतो, त्यातली जिभेची टेकण तेवढी काढायची. इंग्रजीत ‘कॅट’, ‘पेन’ म्हणताना सुरुवातीला हवेचा झोत येतो, तोंडासमोर कागदाची पट्टी धरली तर ती हलते. बोली कन्नडात महाप्राण ढिला पडतो, म्हणून तिथं पट्टी ढिम्म. मराठी मुलाला ‘खडू’तला ‘ख’ हलका करून म्हण एवढं सांगितलं की पट्टी नाचते. सीमाभागातल्या मास्तराला हे जेवढं सोपं, तेवढं पुण्यातल्या किंवा म्हैसुरातल्या मास्तराला नाही. पण दोन्ही भाषा दाराबाहेर असल्यामुळे सर मोबाइलवर लंडनच्या बाईंचा व्हिडिओ लावतात. बाईंना ना ‘खडू’ माहीत, ना ‘बस्सु’.

सर अडाणी असतात असं नाही. एखादे निवृत्त हायस्कूल शिक्षक बेंगळुरूच्या प्रादेशिक इंग्रजी संस्थेत, म्हणजे १९६३ पासून दक्षिणेतल्या शिक्षकांना इंग्रजी अध्यापनाचे धडे देणाऱ्या संस्थेत, शिकून आलेले असतात. त्यांच्या वह्या पाहाव्यात, ध्वनिचिन्हं मोत्यासारखी. चूक होते ती क्रमात. हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेतले राम कृष्ण बन्सल यांनी भारतीयांचं इंग्रजी परक्यांना कितपत कळतं यावर अभ्यास केला. तो १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. शब्दातल्या चुकीच्या अक्षरावर जोर पडला की ऐकणारा हमखास घोटाळतो, हा त्यातला मोठा मुद्दा. मराठी काय, कन्नड काय, आपण सगळी अक्षरं साधारण सारख्याच जोरानं वाजवतो. इंग्रजी एक अक्षर उचलते आणि बाकीची गिळते. पंधरा दिवस ‘थ’साठी मिळतात, तेव्हा या उचलण्या-गिळण्यासाठी शेवटच्या दिवशी, सर्टिफिकेट आणि ग्रुप फोटो यांच्यामधे, दहा मिनिटं उरतात.

तेव्हा जूनमध्ये पोराचं नाव घालायला तो जिना चढणाऱ्या पालकांना एक सुचवायचं आहे. ‘थ’ची चौकशी करू नका. सरांना ‘फोटोग्राफ’, ‘फोटोग्राफर’ आणि ‘फोटोग्राफिक’ हे तीन शब्द म्हणायला लावा. जोर पहिल्यात पहिल्या अक्षरावर, दुसऱ्यात दुसऱ्यावर आणि तिसऱ्यात ‘ग्रॅ’वर पडला, तर पूर्ण फी खुशाल भरा. तिन्ही वेळा ‘फो’वरच पडला, तर निम्मी भरा आणि उरलेल्या पैशांत शेजारच्या कन्नड घरी पोराला रोज तासभर खेळायला पाठवा, ऱ्हस्व ‘ए’ तरी फुकट येईल.