सभेत मधेच कसे बोलावे : होतकरूंसाठी मार्गदर्शन

बोलणाऱ्याला शिकवायला आपल्याकडे काही कमी नाही. वक्तृत्व स्पर्धा आहेत, फिरत्या ढाली आहेत, उत्तेजनार्थ बक्षिसे आहेत. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली पुण्याची वसंत व्याख्यानमाला तर दर उन्हाळ्यात नवे वक्ते पुरवते. मधेच बोलणाऱ्याला मात्र कोणी वाली नाही. त्याला ना शिकवणी, ना परीक्षक. त्यामुळे ही विद्या ‘आवाज!’, ‘मुद्द्यावर या!’ आणि भाषण संपण्याआधीच पिटलेल्या टाळ्या एवढ्यावर अडून बसली आहे. मागच्या रांगेत, दाराजवळची खुर्ची धरून बसलेला होतकरू तरुण पाहिला की वाईट वाटते. उत्साह दांडगा, आवाज खणखणीत, पण आपण कोणाला अडवतो आहोत आणि कशासाठी, याचा पत्ता नाही. अशांसाठी हे मार्गदर्शन आहे, आणि गुरू शोधायचा तर थेट झाशीला जावे लागते.

मराठी माणसाने केलेला सर्वांत प्रसिद्ध व्यत्यय झाशीतलाच. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर वारले. आदल्याच दिवशी केलेले दत्तकविधान गव्हर्नर-जनरल डलहौसीने मानले नाही आणि संस्थान खालसा केले. पुढचे चित्र शाळेच्या स्नेहसंमेलनात पुठ्ठ्याच्या तलवारी घेऊन आपण सगळ्यांनी पाहिलेले असते. कंपनीचा अधिकारी मेजर एलिस दरबारात हुकूम वाचतो आहे, आणि पडद्याआडून राणीचा आवाज येतो : मी माझी झाशी देणार नाही. प्रसंग बांधेसूद आहे. नाटकवेड्या गंगाधररावांनाही आवडला असता. अडचण एवढीच की हे उद्गार स्वतःच्या कानांनी ऐकून छापणारा माणूस वेगळेच सांगतो. तो जॉन लँग, सिडनीत जन्मलेला वकील आणि पत्रकार. कंपनी सरकारविरुद्ध आग्र्याला खटला जिंकल्यामुळे त्याचे नाव झाले होते, म्हणून १८५४ साली राणीने त्याला मुद्दाम बोलावून घेतले. १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात हा प्रसंग आहे. त्याचा सल्ला असा की विलायतेला अर्ज करावा आणि तोवर निषेध नोंदवून पेन्शन घेत राहावे. त्यावर पडद्यामागून ते वाक्य आले. म्हणजे बाईंनी तोडले ते शत्रूचे बोलणे नव्हे; स्वतः बोलावलेल्या, स्वतःच्याच बाजूच्या वकिलाचा शहाणा सल्ला त्यांनी मधेच तोडला.

पहिला नियम यातूनच निघतो : ज्याच्यासाठी आपण टाळ्या वाजवायला आलो आहोत, त्याला अडवावे. नवशिक्याला हे उलटे वाटेल. पण हिशेब करून पाहावा. विरोधकाच्या सभेत ओरडायला काय लागते? सोबत चार मित्र आणि बाहेर चालू ठेवलेली मोटारसायकल. वक्ता अशा आरोळीची वाटच पाहत असतो. त्याचे उत्तर खिशात तयार असते, आणि पडलेले भाषण तुमच्या कृपेने उभे राहते. आपल्या माणसाजवळ असे उत्तर नसते. तिथे उठून ‘हे आम्हाला मान्य नाही’ म्हणणाऱ्याची उद्याची बैठक, परवाचे लग्नाचे आमंत्रण आणि पुढच्या वर्षीचे चिटणीसपद एका वाक्यात पणाला लागते. व्यत्ययाची किंमत कोणी मोजली, यावर त्याचे वजन ठरते. एलिसवर ओरडून तसाही उपयोग नव्हता. त्या गृहस्थाने दत्तकाच्या बाजूनेच वरिष्ठांना लिहिले होते, आणि निर्णय कलकत्त्यात झाला होता. वाचून दाखवणाऱ्यावर तोंडसुख घेणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे, आणि नळाला पाणी का नाही म्हणून पावती फाडणाऱ्या कारकुनाला झापणारे ती आजही जपून आहेत.

दुसरा नियम सुरतेचा. डिसेंबर १९०७ मधली काँग्रेस म्हणजे घरातल्या माणसांनी घरातल्यांनाच अडवण्याचा प्रयोग. २६ तारखेला सुरेंद्रनाथ बॅनर्जींना भाषण पुरे करू दिले नाही. २७ तारखेला टिळक व्यासपीठावर जाऊन हाताची घडी घालून उभे राहिले. त्याआधी त्यांनी रीतसर चिठ्ठी पाठवली होती, तिला उत्तर आले नव्हते, आणि बोलण्याचा आपला हक्क ते मागत होते. इथवर सगळे आदर्श आहे : आधी चिठ्ठी, मग पाय, आवाज सर्वांत शेवटी. पण तेवढ्यात गर्दीतून एक दख्खनी जोडा उडाला आणि सुरेंद्रनाथ व फिरोजशहा मेहता या दोघांनाही लागला. त्या क्षणापासून टिळकांची सूचना काय होती हे विचारणारा माणूस शोधून सापडत नाही. जोडा मात्र सर्वांना ठाऊक आहे. पक्ष फुटला तो १९१६ साली लखनौला सांधला गेला. पादत्राणे पायातच ठेवावीत.

यावर सुसंस्कृत वाचक हरकत घेतील की मधे बोलणे मुळातच असभ्य. ऐकायला आलेल्या शेकडो लोकांचा हक्क एकाने का मारावा? हरकत रास्त आहे, म्हणूनच तिसरा नियम लांबीचा : वाक्य एक, क्रियापद एक, आणि लगेच खाली बसणे. दुसरी बाजू म्हणेल की कधी कधी सभा उधळावीच लागते. ते संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली २० नोव्हेंबर १९५५ ची मुंबईची चौपाटी दाखवतील. स. का. पाटील आणि मोरारजी देसाई यांची सभा तिथे संतप्त जमावाने चालू दिली नाही. तो राग खरा होता, हे कोण नाकारील? पण दिल्लीला धडकी भरली ती १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने घेतलेल्या मतांनी. उधळलेल्या सभेमुळे समोरच्यांना आयतीच तक्रार मिळाली होती. आणि राणीच्या वाक्याने तरी काय साधले, झाशी गेलीच ना, असे विचारणाऱ्याला उत्तर सोपे आहे. लँगचा शहाणा मार्गही विलायतेत फेटाळलाच गेला. दोन्ही वाटा बंद होत्या. त्यातली एक निदान आज लोकांच्या तोंडी आहे.

लँगच्या हकिगतीतला एक तपशील मात्र स्नेहसंमेलनात कधी येत नाही. त्या उद्गारानंतर बाई उठून गेल्या नाहीत. त्याने समजूत घातली, त्यांनी ऐकून घेतली, आणि बोलणे मध्यरात्र उलटून गेल्यावरही चालले होते. आपला होतकरू नेमका इथे नापास होतो. ओरडून झाले की तो चहाला बाहेर जातो. चौथा नियम असा की अडवणाऱ्याने आभारप्रदर्शनापर्यंत बसावे, हारतुऱ्यांसकट.

राहिला कायदा. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, कलम १२७ : निवडणुकीच्या सभेत गोंधळ घालणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय अध्यक्षांनी विनंती केली तर संशयिताला नाव आणि पत्ता विचारण्याचा अधिकार पोलिसाला आहे. हुशार विद्यार्थी एवढी वेळ येऊ देत नाही. तो उभा राहताच नाव-पत्ता स्वतःच सांगतो, पिनकोडसकट, आणि मग आपले वाक्य म्हणतो.