प्रथिनांची जमाबंदी

तालुक्याच्या दप्तरात तीस वर्षे कारकुनी करून दुसऱ्यांच्या शेतसाऱ्याची बाकी काढण्यातच ज्याने आपले आयुष्य वेचले, त्याच्याच नावावर उतारवयात बाकी निघावी, आणि तीही प्रथिनांची, याला दैवाचा न्याय म्हणावे की सूड, हे मला अद्याप ठरविता आलेले नाही. नागपूरला व्यायामशाळेत जाणारा आमचा पुतण्या मागल्या पंधरवड्यात मोहाडीस आला, आल्या पावलीच, बाजारात दोडका कोवळा की निबर हे पाहावे तसे माझा दंड त्याने दोन बोटांनी दाबून पाहिला आणि गंभीर मुद्रेने निवाडा दिला, "काकाजी, तुमचं प्रोटीन कमी पडते."

कमी पडते म्हणजे किती, असे विचारणे हा माझा धर्मच. त्याने सांगितले की देहाच्या प्रत्येक किलोमागे पाऊण ग्रॅमहून किंचित अधिक, नेमके बोलायचे तर ०.८३ ग्रॅम प्रथिन रोज पोटात गेले पाहिजे. माझे वजन ६४ किलो. म्हणजे रोजची आकारणी झाली ५३ ग्रॅम. मी तत्काळ जुनी खतावणी काढली, रकाने आखले आणि वसुलीस बसलो. आम्ही धानाच्या मुलखातली माणसे; दोन वेळचे मिळून तीनशे ग्रॅम तांदूळ सहज खपतात आणि त्यांतून सुमारे २३ ग्रॅम प्रथिन जमा होते. साठ ग्रॅम तुरीच्या डाळीचे १३, तीनशे मिलिलिटर दुधाचे १०. एकूण ४६, बाकी ७ ग्रॅम. पुतण्या म्हणाला, तांदळाचे प्रथिन हिशेबात धरू नये, ते अपुरे असते. परंतु त्याच्याच पुस्तकात पुढल्या पानावर असे निघाले की तांदळात जे लायसिन कमी ते डाळीत भरपूर, आणि डाळीत जे मेथिओनिन कमी ते तांदळात असते. तात्पर्य, वरण आणि भात हे दोघे एकमेकांस जामीन राहतात. हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी, हा शोध जणू त्यांच्याच माहेरी लागला असावा, अशा मुद्रेने मजकडे पाहिले.

तरीही सात ग्रॅमांची थकबाकी उरलीच. एका अंड्यात ती जवळजवळ फिटली असती, परंतु आजोबांनी गळ्यात घातलेली तुळशीची माळ आड येते. मोहाडीत शाकाहारी असणे हे वाटते तितके सोपे नाही. भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा, शेजारी वैनगंगा. आठवडी बाजारात भाजीच्या ओळीकडे जायचे तर वाट मरळ आणि झिंगे यांच्या पाट्यांवरून जाते. तेथली एक म्हातारी गेली कित्येक वर्षे मला पाहताच, "घ्या ना जी बाबूजी, रगत वाढते," असे पुकारते. ती आहारशास्त्र शिकलेली नाही, तरी पुतण्याशी तिचे मत तंतोतंत जुळते, आणि ती डबा विकत नाही हा तिचा अधिक गुण. पुतण्याने मात्र एक प्रचंड डबा आणला होता. त्यातल्या भुकटीस चुन्याच्या निवळीत साखर घालावी तशी चव होती. पहिल्याच घोटानंतर मी तो मुद्दा पुढील सुनावणीपर्यंत तहकूब केला.

या सात ग्रॅमांचा बंदोबस्त खरे पाहता आमच्या बांधीतच होता, पण त्याचे नाव खतावणीत लिहायला माझा हात धजेना. ते नाव म्हणजे लाखोरी. धानाची कापणी पंधरा दिवसांवर आली की उभ्या पिकातच ओल्या चिखलात हे बी फेकतात. नांगर नाही, खत नाही, पाणी नाही. धान कापणारांच्या पायांखाली तुडवूनही ते तग धरते, आणि पौषात साऱ्या बांधीभर इवली निळी फुले डोलू लागतात. शंभर ग्रॅम लाखोरीत प्रथिन सुमारे २८ ग्रॅम. तूर बिचारी बावीसवर थांबते. गरिबाच्या घरी फुकटात येणारी एवढी दौलत, आणि १९६१ साली सरकारने तिच्या विक्रीस मज्जाव केला!

हुकूम अकारण नव्हता. दुष्काळात महिनोन्‌महिने दुसरे काहीच न खाता केवळ लाखोरीवर दिवस काढणाऱ्यांचे पाय कायमचे लुळे पडत. आयुर्वेदात या व्याधीला कलायखंज असे भारदस्त नाव आहे. दोष त्या दाण्यातल्या एका विषारी द्रव्याचा. आमच्या आजीला त्या द्रव्याचे नाव ठाऊक नव्हते, परंतु ती डाळ कढत पाण्यात भिजवून ते पाणी उकिरड्यावर फेकून देई, आणि त्या पाण्याबरोबर बरेचसे विषही जाते, असे पुढे शास्त्रज्ञांनीच सांगितले. बंदी विक्रीवर होती, पेरण्यावर किंवा खाण्यावर नव्हती. पण कारकुनाच्या भित्र्या मनाला हा भेद कोठून उमगणार? गंमत अशी की बाजारातून राजरोस पावती घेऊन आणलेल्या बेसनातही लाखोरीची भेसळ असायची. म्हणजे कायदा पाळूनही ती टळत नव्हतीच.

एकदा आमच्या वरिष्ठ साहेबांना जेवावयास बोलाविले असता, सौभाग्यवतींनी लाखोरीचे वडे केले. भिजवलेली डाळ पाट्यावर भरड वाटलेली, तीत हिरवी मिरची, लसूण आणि मूठभर सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणि तळण जवसाच्या तेलात. साहेबांनी सातवा वडा उचलता उचलता, "कशाचे आहेत हो?" असे विचारले, तेव्हा माझा घास घशातच स्थगित झाला. सौभाग्यवती पदर सावरीत शांतपणे म्हणाल्या, "चण्याच्या डाळीचे जी." साहेबांनी आठवाही घेतला. त्यांचे पाय अखेरपर्यंत धडधाकट होते. बदलीवर जाताना ते जिना धावत उतरल्याचे मी स्वतः पाहिले आहे.

पुढे नागपूरच्या डॉ. शांतीलाल कोठारी यांनी या डाळीसाठी उपोषणे केली, सत्याग्रह केले, अर्जांवर अर्ज दिले. कमी विषाचे 'रतन', 'प्रतीक' असे वाणही निघाले. अखेर २००८ साली महाराष्ट्राने बंदी उठविली. सत्तेचाळीस वर्षे एखादे प्रकरण चालणे यात आम्हां दप्तरी माणसांना विशेष काही वाटत नाही. वाटले ते एवढेच की उपोषण करावे लागले ते खाण्याच्या हक्कासाठी.

तर त्या संध्याकाळी तीस ग्रॅम लाखोरी, आठ ग्रॅम प्रथिन, असे खतावणीत निर्भयपणे नोंदवून मी बाकी शून्य केली आणि घरात वड्यांची फर्माईश धाडली. पुतण्या प्रथम नको म्हणाला, मग एक घेतला, मग मोजणे सोडले. अकराव्या वड्याला बोटे चाटीत त्याने विचारले, "काकू, कशाचे आहेत हे?"

मी बंदी उठल्याची सबंध हकीकत सांगण्यासाठी घसा साफ करीत होतो. परंतु सौभाग्यवतींनी दाराकडे एक नजर टाकली, पदर सावरला आणि म्हणाल्या, "चण्याच्या डाळीचे."