कोबी, आता बस कर

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमधल्या सौकारपेटेत आमच्या खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली माणसं पुष्कळ. जुनं सोनं वितळवायचं, तेजाबात शुद्ध करायचं आणि रात्री दुकान झाडलं की केरसुद्धा बांधून ठेवायचा. त्यातूनही गुंजभर सोनं निघतं. अशा घरात वाढलेल्या माझ्या भाच्याला सोन्यात काडीचा रस नाही. त्याचा सगळा जीव लॉस एंजेलिसच्या बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटमध्ये अडकलेला. पोरगं भाजीबद्दल बोलतंय, असं त्याच्या आजीला बरेच दिवस वाटत होतं.

बास्केटबॉल आमच्या भागाला अगदीच परका नाही. 1891 साली जेम्स नेस्मिथने अमेरिकेत वायएमसीएच्या शाळेत पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला. त्या वायएमसीएची जुनी इमारत इथे एन. एस. सी. बोस रोडवर उभी आहे, जॉन वॉनामेकर नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्याच्या पैशातून बांधलेली. तिच्यासमोरून जाताना भाचा चप्पल काढायचं तेवढं बाकी ठेवायचा.

2015-16च्या हंगामात मात्र घरात शांतता उरली नाही. सकाळी 9च्या सुमाराला तिकडची रात्रीची मॅच सुरू व्हायची. भट्टीवर मूस तापत असायची आणि मागे मोबाईलवर भाचा करवादत असायचा.

“अय्यो मामा, रिंगलासुद्धा लागला नाही! हा माणूस घरी का बसत नाही?”

“वर्षाला अडीच कोटी डॉलर मिळत असताना तू बसला असतास?”

हिशेब भाच्याच्या बाजूने होता, हे कबूल. कोबीचे शंभरातले जेमतेम 36 नेम लागत होते. पण 2013 साली त्याच्या टाचेची शीर तुटली, तरी त्याने दोन फ्री थ्रो मारूनच मैदान सोडलं होतं, याची आठवण दिली की पोरगं आणखी भडकायचं. 2006 साली याच माणसाने एका मॅचमध्ये 81 गुण केले होते. तेव्हा भाच्याच्या दुधाच्या दातांना धक्काही लागला नव्हता, पण सगळी वसुली त्याच आकड्याने चाललेली.

मला नवल वाटायचं ते त्या रागाच्या सुराचं. परक्या माणसावर कुणी असं चिडत नाही. वडिलांना जिना चढताना धाप लागली की मुलगा जसा उगाच खेकसतो, तसा तो सूर होता. मी तरी कुठे वेगळा? 2011-12मध्ये सचिनच्या शंभराव्या शतकाची वाट बघताना ‘आता सोडावं बुवा यानं’ असं मी गिऱ्हाइकांनाही ऐकवत होतो. ते झालं मिरपूरला, बांगलादेशविरुद्ध, आणि ती मॅच आपण हरलो. तेव्हा मी पेढे वाटले आणि वाटता वाटता त्याचा स्ट्राइक रेटही काढला.

14 एप्रिल 2016, तमिळ नववर्षाचा दिवस. घरात पायसम शिजत होतं आणि कोबीची शेवटची मॅच लागली होती. 37 वर्षांच्या त्या माणसाने 60 गुण केले, मागे पडलेली टीम जिंकवली. भाचा कॉटवर उभा राहून ओरडला. मग बसला, मोबाईलवर आकडे बघू लागला.

“50 वेळा मारले मामा, लागले 22च.”

“मग? घरी बसतोय ना आता तुझ्या मनासारखा?”

त्याने पायसमची वाटी बाजूला सारली.

“आणखी एक वर्ष सहज खेळला असता हो.”